लुआंग प्रबांग ते बँकॉक, दीड तास

लाओसमधलं लुआंग प्रबांग आणि थायलंडमधलं बँकॉक यांच्यातलं अंतर कुणीही मोबाइलवर बघू शकतं. सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास. विमानाने दीड तास. उत्तर बरोबरच आहे. पण माणूस खाटेवर आडवा असला की त्या दीड तासाच्या आधी आणि नंतर बराच वेळ चिकटतो, आणि माझी सगळी नोकरी त्या चिकटलेल्या वेळात गेली.

परदेशी फिरायला गेलेला माणूस तिथे आजारी पडला, तर त्याच्या विम्याच्या कार्डामागे मदतीसाठी एक नंबर असतो. तो फिरवला की बेंगळुरूच्या येलहंक्यातल्या आमच्या कचेरीत फोन वाजायचा. कंपनी खासगी, नाव सांगण्यात अर्थ नाही. समोर नकाशा, कानाला हेडफोन, आणि माझ्या वाट्याला आग्नेय आशिया. रुग्ण जिथे आहे तिथून, जिथे त्याचे उपचार होतील तिथे त्याला पोचवायचं. आम्ही त्याला ‘खाटेपासून खाटेपर्यंत’ म्हणायचो. मल्लेश्वरममधल्या आमच्या नातेवाइकांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी विमानाची तिकिटं विकते. लग्नकार्यात गाठ पडली की एखादा तरी मामा विचारणारच, “पद्मा, बँकॉकचं तिकीट स्वल्प कमी करून देशील का?”

रुग्णाचं विमान म्हणजे उडता दवाखाना असतो. तो तयार करायचा, त्यात डॉक्टर आणि नर्स बसवायचे, ज्या देशात उतरायचं त्याची परवानगी मिळवायची. मग रुग्णाला रुग्णवाहिकेतून विमानतळावर आणायचं आणि पासपोर्टवर शिक्का घ्यायचा. माणूस बेशुद्ध असला तरी शिक्का लागतोच. पलीकडे उतरल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने. बेंगळुरूच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. मल्लेश्वरमहून होसकोटेला निघताना किलोमीटर कोण मोजतं?

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. बसवनगुडीतले एक निवृत्त बँक मॅनेजर क्वालालंपूरला होते. तिथे डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं, आणि पडदा जागेवर दाबून धरायला डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. मुलगी सिंगापूरला. “तासाभराचं तर विमान आहे,” ते म्हणाले, “मी बसतो आणि जातो. तुम्ही फक्त सरी, ठीक आहे, एवढं म्हणा.” मी सरी म्हणेना. विमान वर गेलं की आतल्या हवेचा दाब उतरतो. वेफर्सचं बंद पाकीट फुगतं तसा डोळ्यातला बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. त्यांनी माझ्या साहेबांकडे तक्रार केली. शेवटी मोटारीने, सपाट रस्त्याने, अर्धा दिवस घालवून ते गेले. पोचल्यावर त्यांचा फोन आला. डोळ्याबद्दल एक शब्द नाही. “वाटेत जेवण मात्र उत्तम मिळालं,” म्हणाले.

सगळेच प्रवास असे संपत नाहीत. नॉम पेन्हहून बँकॉकला आम्ही डोक्याला मार लागलेला एक तरुण हलवला होता. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं, कुठे काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या भावाने फोनवर मला एवढंच विचारलं, “आम्ही वेळेत पोचलो होतो ना, मॅडम?” मी म्हटलं, “हो, वेळेत पोचला होतात.” ते खरंही होतं. त्यानंतर कितीतरी दिवस हेडफोन कानाला लावताना तो प्रश्न मला ऐकू यायचा.

पण लिहायचं आहे ते विमलताईंबद्दल.

मार्च महिना होता आणि मी सकाळी नुकतीच जागेवर बसले होते. फोन वाजला. सवयीने मी हिंदीत सुरुवात केली.

“मी विमल मेश्राम बोलते, नागपूरची,” पलीकडून वर्गात हजेरी घेताना असतो तसा खणखणीत आवाज आला. “सध्या लुआंग प्रबांगला आहे. माझ्या सुनेला पाणी जाऊन राहिलं. सातवा महिना लागलाय फक्त.”

त्यांचं हिंदी निम्म्यावर मराठीत गेलं होतं, म्हणून मीही मराठीवर आले.

“तुम्ही मराठी?” त्या म्हणाल्या. “बरं झालं बाई. पहाटेपासून मी नुसते हातवारेच करून राहिली.”

विमलताई शाळेतून निवृत्त झालेल्या. लुआंग प्रबांगच्या रस्त्यांवरून पहाटे भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, हे त्यांच्या मनात अनेक वर्षं होतं. सून प्राजक्ता बेंगळुरूत नोकरी करणारी. तिनेच हौसेने सगळं आरक्षण केलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती. मुलगा सचिन सोबत जाणार होता, पण होसकोटेतल्या त्याच्या कारखान्यात नवी यंत्रं बसत होती, म्हणून तो ऐनवेळी मागे राहिला. सासू-सून दोघीच गेल्या, आणि तिसऱ्या सकाळी प्राजक्ताची पाण्याची पिशवी फुटली.

तिथल्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई फार सरळ होत्या. त्यांनी लगेच कळा थोपवायचं औषध सुरू केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, आणि मला फोनवर स्पष्ट सांगितलं की आईला आम्ही सांभाळू, पण इतक्या कोवळ्या बाळाला लागणारी सोय आमच्याकडे नाही.

आमच्या कचेरीतल्या डॉक्टर नंदिनी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. “अक्का, बाळ पोटात आहे तोवरच हलवायचं,” त्या म्हणाल्या. “आईच्या पोटासारखी पेटी कुठल्याही विमानात नसते. आणि त्या इंजेक्शनला काम करायला जितका वेळ मिळेल तितका हवा.”

तेवढ्यात प्राजक्ताने सासूच्या हातून फोन घेतला.

“मला खरं सांगा,” ती म्हणाली. “याआधी दोनदा गेलंय माझं. पण इतक्या पुढे कधीच आले नव्हते.”

मी तिला खरं तेच सांगितलं. बँकॉकहून विमान येईल, त्यात बाळाचे डॉक्टर असतील, काचेची पेटी असेल. कळा थोपल्या तर बाळ पोटातच घेऊन ती बँकॉकला पोचेल. “आणि नाही थोपल्या तर?” तिने विचारलं. “तर विमान जितकं लवकर येईल तितकं बरं,” मी म्हटलं.

विमान मिळालं, परवानगीही मिळाली, आणि दुपारच्या आत ते बँकॉकहून उडालं. इतका सुरळीत दिवस मी क्वचितच पाहिला होता. आणि त्याच वेळी लुआंग प्रबांगच्या विमानतळावर विमानाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला मी सहज विचारलं, “हवा कशी आहे?”

“धूर आहे,” तो म्हणाला.

त्या दिवसांत तिकडच्या डोंगरांवर शेतं जाळतात. राब भाजल्यावर आपल्याकडे कोकणात दिसतो तसाच धूर, पण सगळ्या मुलुखावर पसरलेला. विमानतळाच्या चारी बाजूंनी डोंगर.

“समोरचा डोंगर दिसतोय का?” मी विचारलं.

“कुठला डोंगर?” तो म्हणाला.

विमान वर येऊन पोचलं. घिरट्या घालू लागलं. पडद्यावर त्याचा छोटा पिवळा ठिपका एकाच जागी फिरताना मला दिसत होता. प्राजक्ताला रुग्णवाहिकेतून विमानतळावर आणून ठेवलं होतं. तिथून विमलताई फोनवर म्हणाल्या, “आवाज येऊन राहिला विमानाचा. दिसत नाही फक्त.” वैमानिकाने एकदा खाली यायचा प्रयत्न केला, धावपट्टी दिसली नाही, परत वर गेला. मग निरोप आला: उतरता येणार नाही, बँकॉकला परत जातोय.

वैमानिकाने नाही म्हटलं की हुज्जत घालायची नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. त्याच्या मागे बसलेल्या माणसांचेही जीव असतात. पण तो परत बँकॉकला गेला असता तर पुन्हा इंधन, पुन्हा परवानगी, आणि धूर दुसऱ्या दिवशीही असणारच. विमान हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. दक्षिणेला व्हिएंटियान, लाओसची राजधानी, सपाटीवर आहे. तिथली हवा मी पाहिली, मोकळी होती. विमान पाठवणाऱ्या बँकॉकच्या माणसाला मी म्हटलं, “त्यांना विचारा, व्हिएंटियानला उतरून थांबतील का. रुग्णाला आम्ही तिथे आणतो.”

“कसं आणणार?” त्याने विचारलं.

ते मलाही माहीत नव्हतं. डोंगरातला रस्ता वळणावळणांचा, खराब, दिवसभराचा. डॉक्टर नंदिनींनी ऐकताक्षणी मान हलवली. “त्या रस्त्यावर कळा थांबणं शक्य नाही.” उरली रेल्वे. लुआंग प्रबांग ते व्हिएंटियान आता जलद गाडी धावते, डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांमधून. दोन तासांत पोचते आणि पेला ठेवला तर पाणी सांडत नाही. दुपारची गाडी पकडता येणार होती.

“आणि गाडीत बाळंत झाली तर?” डॉक्टर नंदिनी म्हणाल्या. हे त्या मला विचारत होत्या की स्वतःला, कळेना.

तिथेच थांबावं, तर बाळ तिथे येणार, कदाचित आजच. जावं, तर वाटेत येऊ शकतं. आम्ही दोघींनी ठरवलं की हे आपण एकट्यांनी ठरवायचं नाही. मी प्राजक्ताला दोन्ही वाटा जशाच्या तशा सांगितल्या.

तिने एकच विचारलं. “गाडीत माझ्याबरोबर कोण असेल?”

रुग्णालयातली एक सुईण सोबत यायला तयार झाली होती. नाव नोई. तिला थोडं इंग्रजी यायचं. मी तिला फोनवर घेतलं आणि विचारलं, चालत्या वाहनात बाळंतपण कधी केलंय का?

“गाडीत नाही,” नोई म्हणाली. “बोटीत दोनदा.”

मी ते मराठीत सांगितल्यावर पलीकडून प्राजक्ताचं चक्क हसू ऐकू आलं. “चला मग,” ती म्हणाली.

स्टेशन गावाबाहेर, आणि तिथे विमानतळासारखी तपासणी. नोईच्या सामानात प्राणवायूचं छोटं नळकांडं होतं. रक्षकाने ते बाजूला काढलं. गाडीत नळकांडं नेता येत नाही, नियम म्हणजे नियम. त्याचंही चूक नव्हतं. गाडीची वेळ झाली होती, आणि विमलताईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मॅडम, हा माणूस ऐकून नाही राहिला. तुम्ही बोला त्याच्याशी.”

मी बोलायच्या आधी डॉक्टर नंदिनींनी फोन ओढला. “ठेवू दे त्याला,” त्या नोईला म्हणाल्या. “हाताने दाबायचा फुगा आणि मुखवटा आहे ना? बाळ आलं तर त्याच्या फुप्फुसात आधी हवा जायला हवी. साधी हवा. ती डब्यात आहे. तुम्ही चढा.”

त्या चढल्या आणि गाडी सुटली.

मग बोगदे सुरू झाले. डोंगराच्या आत फोन लागत नाही, हे मला माहीत होतं. ते इतकं लांबेल याची कल्पना नव्हती. गाडी मोकळ्यावर आली की विमलताईंचा संदेश यायचा. ‘ठीक आहे.’ पुन्हा काही नाही. मग ‘कळा आल्या.’ मग पुन्हा डोंगर. मी लिहिलेले शब्द तिकडे पोचतच नव्हते. त्यांच्यापुढे नुसती एकेक बारीक खूण दिसत होती.

त्यात सचिनचा फोन. त्याला मी सकाळीच सांगितलं होतं, लुआंग प्रबांगकडे धावू नकोस, बँकॉकला जा. शेजाऱ्यांनी त्याचा पासपोर्ट येलहंक्याच्या घरून थेट विमानतळावर आणून दिला होता आणि तो आता विमानात चढायच्या रांगेत होता.

“प्राजक्ता कशी आहे?”

“आत्ता फोन लागत नाहीये. गाडी बोगद्यात आहे. शेवटचा निरोप आला तेव्हा कळा होत्या, बाकी ठीक होतं.”

मागे विमानात चढणाऱ्या लोकांचा गलका.

“मी बँकॉकला उतरेन,” तो हळूच म्हणाला, “आणि त्या तिथे नसल्या तर?”

“आम्ही त्यांना तिकडेच आणतोय,” मी म्हटलं. याहून जास्त काही सांगायला माझ्याकडे नव्हतं, आणि याहून जास्त काही सांगायचंही नसतं. पुढचे चार तास तोही आकाशात, फोन बंद.

गाडीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. नोईने तीन आसनांवर प्राजक्ताला डाव्या कुशीवर निजवलं होतं. शेजारचे भिक्षू न सांगता उठून डब्याच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. पलीकडच्या आसनावरच्या एका म्हातारीने पिशवीतून पांढरा दोरा काढला आणि पुटपुटत प्राजक्ताच्या मनगटाला बांधला. अंगातला जीव अंगातच राहावा म्हणून तिकडे असा दोरा बांधतात. मग कळा वाढल्या. एक इतकी जोराची की प्राजक्ताने नोईचा दंड धरला आणि ओरडली, “आता येतंय.” नोईने हात धुतले, फुगा बाहेर काढला आणि गुडघ्यांवर बसली. आणि विमलताई सुनेच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “पाढे म्हण. सव्वीसचा म्हण माझ्यासोबत. थांबायचं नाही.”

सव्वीसचा झाला, सत्तावीसचा झाला. एकोणतीसच्या पाढ्यात प्राजक्ता चुकली, विमलताईंनी दुरुस्त केलं, आणि ती रागावून म्हणाली, “आई, आत्ता तरी सोडा ना.” त्या मुलीला चिडायची ताकद आहे, म्हणजे ती अजून आपल्या हातात आहे, असं विमलताईंना तेव्हा वाटलं म्हणे. कळ ओसरली. पुढची जरा उशिरा आली.

कचेरीत आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर नंदिनी खिडकीपाशी जाऊन उभ्या होत्या. माझ्या समोरच्या पडद्यावर पिवळा ठिपका व्हिएंटियानच्या धावपट्टीच्या कडेला उभा होता. वैमानिक थांबला होता. आता फक्त त्या यायच्या होत्या, आणि आम्हाला करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. माझ्या कामात सगळ्यात अवघड तेच. धावपळीत माणूस घाबरत नाही. हात रिकामे झाले की घाबरतो.

फोन वाजला.

“सपाटी आली,” विमलताई म्हणाल्या. “भातशेतं दिसून राहिली. मूल पोटातच आहे, मॅडम.”

मी टेबलावर डोकं टेकलं.

रुग्णवाहिका स्टेशनच्या दारात होती. तिथून विमानतळ. डॉक्टरांनी प्राजक्ताला तपासलं, नवं औषध लावलं, विमानात घेतलं. आणि तिथे शेवटचा गुंता उभा राहिला. विमान छोटं. स्ट्रेचर, बाळाची पेटी, डॉक्टर, नर्स. आणखी एका माणसाला जागाच नव्हती. हे विमलताईंना सांगायचं काम माझं.

“नाही ना जागा?” मी शब्द जुळवत होते तेवढ्यात त्याच म्हणाल्या. “मला दिसून राहिलं. तुम्ही काळजी नका करू. तिला जाऊ द्या.”

नोई दुसऱ्या गाडीने लुआंग प्रबांगला परत निघाली होती. विमानाचं दार लागलं. फोन चालूच होता; मला इंजिनाचा आवाज ऐकू आला, वाढला, दूर गेला.

“गेलं विमान,” त्या म्हणाल्या. मग, आधी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात: “मॅडम, आता मी कुठं जाऊ?”

दिवसभर ती बाई सगळ्यांचा आधार होती, आणि तिचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. मी रुग्णवाहिकेच्या चालकाला सांगून त्यांना एका बऱ्या हॉटेलवर पोचवलं, दुसऱ्या सकाळचं बँकॉकचं तिकीट काढलं. हो, तेवढं एक तिकीट मी खरंच काढलं. त्या खोलीत जाऊन दाराला कडी लावेपर्यंत मी फोन ठेवला नाही. काय खाल्लं विचारलं, तर म्हणाल्या, “सकाळी चहा घेतला होता.” मग मी हॉटेलवाल्याला फोन करून खोलीत वरणभात पाठवायला सांगितलं. त्याला वरण काय ते कळलं नाही. भात आणि भाजी आली. तेवढ्यात बँकॉकहून निरोप आला. विमान उतरलं होतं, आणि रुग्णालयाच्या दारात सचिन आधीच येऊन उभा होता. मी तो निरोप विमलताईंना सांगितला. त्या “हो” म्हणाल्या आणि मग रडल्या. मी ऐकत बसले.

बाळ आणखी काही दिवस पोटात राहिलं. इंजेक्शनला हवा होता तेवढा वेळ मिळाला. मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी, आणि काचेच्या पेटीत गेली. रुग्ण दुसऱ्या खाटेवर पोचला की आमचं काम संपतं. पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवत नाही आणि आम्हीही विचारायचं नसतं. या एका गोष्टीची मला नोकरीभर चुटपुट राहिली. शेकडो लोक मी वाटेला लावले, त्यांच्यातले किती घरी परतले ते मला माहीत नाही.

बाळाच्या जन्मानंतर मेश्रामांची नोंदही तशीच बंद झाली. कुणाकडून तरी एवढंच कानावर आलं की बाळाच्या घशात श्वासाची नळी आहे. अशी नळी असली की बाळ रडतं, तोंड वेडंवाकडं होतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण आवाज फुटत नाही. आई-वडिलांना ते बघवत नाही, असं डॉक्टर नंदिनी एकदा म्हणाल्या होत्या.

पावसाळा लागला होता. एका दुपारी, कामाच्या भर गर्दीत, माझ्या फोनवर थायलंडचा नंबर आला. मी सवयीने विचारलं, “रुग्णाचं नाव सांगता का?”

“मी विमल,” तोच खणखणीत आवाज. “बोलू नका. ऐका.”

आधी काहीच नव्हतं. मग एक चिरका, खरखरीत, संतापलेला आवाज आला. थांबला. पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा. मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनीही कानावरचे हेडफोन काढले. डॉक्टर नंदिनी आपल्या खोलीतून दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

“काल नळी काढली,” विमलताई त्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या. “तेव्हापासून अशीच करून राहिली. थांबायचं नावच नाही घेत, बाई.”